काठी दाराबाहेर ठेवली

मंडळी, आज दुपारीच कोर्टातून आलो, तिथे काय झालं ते सांगतो.

आमचे अप्पा तंजावरच्या राजवाड्यात हत्तीखान्यावर होते. तिथेच त्यांचा पाय चिरडला. पुढे राज्य खालसा झालं आणि इंग्रजांच्या कचेरीने 'धडधाकट आहे' म्हणून त्यांची अपंगाची पेन्शन नाकारली. त्यावर आमचं आज अपील होतं.

अप्पांनी वहाणांबरोबर काठीही दाराबाहेर ठेवली. दरबारात काठी टेकत जायचं नाही, ही जन्माची सवय. जज्जसाहेब आले तसे अप्पा ताठ उभे राहिले. वकिलांनी बसायला बाक दाखवला, मी अप्पांचं उपरणं ओढलं.

"साहेबापुढे बसू? रीत विसरलास काय?" ते हळूच म्हणाले.

पाय लटलटत होता, पण धोतराआड. साहेबांना तो कसा दिसणार?

निकाल इंग्रजीत झाला. वकिलांनी माझ्या कानात सांगितलं, "साहेब म्हणतात, हा माणूस सुनावणीभर माझ्यासमोर उभा आहे. अपील फेटाळलं."

अप्पांना काहीच कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी काठीवर सगळा भार टाकला आणि विचारलं, "नीट उभा राहिलो ना रे?"

मी "हो अप्पा" म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असतात?