येरवड्यातला समुद्र

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी अजून चिडलेलाच आहे. पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा माझाच गाढवपणा सांगतो.

तीस वर्षं बातमीदारी केली. ऑफिसात नवीन आलेल्या मृण्मयीवर रोज ओरडतो, "अहो, जागेवर जा! मोबाईलवर बसून बातमी होत नसते!"

त्या गुरुवारी मी कात्रजला होतो. मोबाईलवर फोटो आला. भिंतीला हातभर तडा, खाली ओळ: 'उमर मशीद, कधीही कोसळेल.' येरवड्यात उमर मशीद आहे, हे मला ठाऊक. पण कात्रजहून येरवडा? त्या ट्रॅफिकमधून? बसल्या जागी झोडली बातमी, फोटोसकट. 'अधिकारी झोपलेत काय?'

आणि काय सांगू, अधिकारी जागे झाले! माझ्या गल्लीतल्या खड्ड्यावर सात वेळा लिहिलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. इथे शुक्रवारी सकाळीच मशिदीला कुलूप! वर पालिकेची नोटीस, 'धोकादायक इमारत.'

मशिदीचे विश्वस्त इनामदार यांचा फोन. "साहेब, दीडला जुम्म्याची नमाज. माणसं कुठं उभी करू? तुमच्या ऑफिसात?"

मृण्मयीला गाडीवर मागे घेतलं आणि तणतणत पोचलो. मशीद ठणठणीत! नुकताच रंग दिलेला.

"कुठल्या मूर्खानं लावली ही नोटीस?" दारात उभ्या पालिकेच्या अभियंत्यावर मी खेकसलो. "भिंत पाहिलीत का?"

"छापून आल्यावर पाहायचं काय?" त्यांनी नोटीस उलटली. मागे माझंच कात्रण टाचलेलं.

इनामदारांनी चष्मा लावला. "हजरत उमर आमचे दुसरे खलिफा. त्यांच्या नावाच्या मशिदी देशोदेशी आहेत. ही कुठली, अल्ला जाणे. पण साहेब, फोटोत मागे समुद्र दिसतोय. येरवड्यात समुद्र कधी आला?"

मी अभियंत्याकडे वळलो. "मग काढा की कुलूप!"

"असं कसं? बातमी चुकीची आहे, असं बातमीदारानं लेखी द्यायचं."

तीस वर्षं मी यांच्याकडून लेखी उत्तर मागतोय हो!

सव्वा वाजलेला. बाहेर माणसं उन्हात खोळंबलेली. दात-ओठ खात लिहिलं, 'बातमी चुकीची आहे. मी जागेवर गेलो नव्हतो.' खाली सही. अभियंत्यांनी तो कागद दारावर चिकटवला आणि मगच कुलूप काढलं.

"या, पाणी घ्या," इनामदार म्हणाले. "भिंतीला टेकून बसा बिनधास्त. पडत नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्याच पेपरात, पहिल्या पानावर, माझ्या सहीचा फोटो. बातमी मृण्मयीची! मी ओरडायला तोंड उघडलं.

"सर," ती म्हणाली, "जागेवर जाऊनच केलीये."