एसएनएफ म्हणजे काय?

मुरगूडजवळच्या आमच्या गावात नव्वदच्या दशकात इंग्रजी आलं ते शाळेतून नव्हे, दूध संस्थेतून. फॅट, डिग्री, रिजेक्ट, सुपरवायझर. सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या बायकासुद्धा "आज माझी फॅट सात लागली" असं सांगत घरी जायच्या. मी, गुंडू, संस्थेचा टेस्टर. हे शब्द दिवसातून शंभरदा तोंडात, त्यामुळं आपल्याला इंग्रजी येतं असा माझा गोड समज होता.

तो शालूकाकीनं मोडला. काकीची म्हैस एक आणि खोड एक: अर्थ कळल्याशिवाय शब्द पुढं सोडायची नाही. "फॅट म्हंजे लोणी व्हय? मग लोणी म्हणाय तोंड दुखतंय काय?" रांग खोळंबायची, बायका हसायच्या, मी चिडायचो. आज त्या खोळंब्यासाठी जीव तुटतो.

२००१च्या मार्चमध्ये तिच्या दुधाचा एसएनएफ घसरला. आठवडाभर तेच बघून एका सकाळी मी ओरडलो, "काकी, पाणी जरा कमी घाला!" रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. काकी पांढरीफटक पडली. नवऱ्यामागं तिनं चोख दुधावर घर चालवलं होतं. पाणी घालणारी म्हणून नाव पडलं असतं, तर गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"एसएनएफ म्हंजे काय, त्ये सांग आदी," ती म्हणाली.

मला कुठं येत होतं! "दर्जा असतोय त्यो," मी ठोकून दिलं.

ती तशीच चालत मुरगूडला गेली, हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंकडं. संध्याकाळी भर रांगेत येऊन उभी राहिली.

"लोणी सोडून दुधात जे घट्ट ऱ्हातंय, त्ये एसएनएफ. पाणी घातलं तर लोणी बी कमी हुतंय. माझी फॅट किती लागली, वाच."

सात. आठवडाभर सातच होती.

"मग? चल गोठ्यात. तुज्याम्होरं धार काढती."

चेअरमन, मी आणि निम्मी रांग गोठ्यात गेलो. संस्थेच्या बादलीत तिनं धार काढली. मशीनवर फॅट सात आणि एसएनएफ तसाच कमी आला. पेंड संपली होती, म्हैस महिनाभर नुसत्या उसाच्या वाड्यावर, शेंड्याच्या पाल्यावर होती. दोष वैरणीचा निघाला. चेअरमननी दूध चोख असल्याचं सगळ्यांना सांगितलं, पण काकी हलली नाही.

"सकाळी जेवढ्यानं वरडलास, तेवढ्यानंच आता त्या शब्दाचा अर्थ सांग. समद्यास्नी."

मी सांगायला लागलो. समोर बायडाबाई उभी होती. दोन वर्षांपूर्वी अशाच आकड्यावरून मी तिचं दूध बंद केलं होतं. लाजेनं तिनं म्हैस विकली. आता ती जावेचं दूध घालायला यायची.

"व्हय रं गुंडू," ती हळूच म्हणाली, "माझी बी फॅट सातच लागायची की."