सफेद्याचा चेहरा

महाल या जुन्या वस्तीत, चिताऱ्यांच्या चितारओळीतल्या आमच्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराच्या वर, उंचावर एक चित्र होतं. भोसल्यांच्या काळातलं, अठराव्या शतकातलं, आमच्याच कुणा पूर्वजाचं. रात्र, गच्ची, लोडाला टेकलेली एक बाई, तिच्या गुडघ्याशी लहान मुलगी आणि मागे पंखे घेतलेल्या दोन दासी. घरातल्या बायकांची पक्की समजूत होती की बसलेली ती त्या त्या वेळची घरची सून आणि गुडघ्याशी तिची लेक. म्हणजे आई आणि मी. वडील मूर्ती घडवायचे. ते या भानगडीत पडत नसत.

मी चित्रकला शिकत होते आणि मला चांगलीच शिंगं फुटली होती. आईला समोर बसवून चित्र समजावायचे. बघ, रात्र आहे पण सावली कुणाचीच नाही. उजेड दिव्यातून येत नाही, सगळ्यांच्या अंगावर सारखाच पडलाय. चितारी सर्वांत पांढरा रंग ठेवतो तिथं नजर जाते. दासींच्या माना, पंख्यांचे दांडे, गच्चीची रेघ, सगळं आपल्याला त्या बाईच्या गोऱ्या चेहऱ्याकडे नेतं. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, सावली नसलेल्या माणसांकडे फार पाहू नये. मी हसायचे.

आईचं हृदयाचं दुखणं निघालं त्या हिवाळ्यात तो चेहरा काळवंडू लागला. आधी डोळ्यांभोवती, मग गालांवर. बाकी तिघी पांढऱ्याच राहिल्या. गोळ्या घेतल्या तर बरीच वर्षं काढाल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईनं चित्राकडे पाहिलं आणि गोळ्या बंद केल्या.

मला संताप आला. सफेदा, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग, कोळशाच्या धुरानं काळा पडतो आणि पेरॉक्साइडनं परत उजळतो, एवढं मी शिकले होते. घरात दगडी कोळशाची शेगडी होतीच. मी चित्र उतरवलं, कान साफ करायचं पेरॉक्साइड बारीक ब्रशनं चेहऱ्यावर लावलं. काळेपणा ओसरला. आईला दाखवलं आणि त्या संध्याकाळी तिनं गोळी घेतली. पुढे महिनाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

एक गोष्ट मात्र टोचत होती. चारही चेहरे एकाच सफेद्याचे, धूर एकच. मग काळा एकच कसा पडला? मी तो विचार झटकून टाकला.

उन्हाळ्यात आईनं अंथरूण धरलं. एका दुपारी तिनं मला बोलावून त्या मुलीची हनुवटी पाहायला सांगितली. हनुवटी करडी झाली होती. नजर आता बाईच्या चेहऱ्यावर ठरेना; घसरून गुडघ्याशी जाऊ लागली. मी पुन्हा पेरॉक्साइड लावलं. या खेपेला काही झालं नाही.

"माह्यं तोंड उजळवलं काहून वं तू?" आई म्हणाली. "तिथून निघालं अन् पोरीवर आलं. जसं होतं तसं करून दे."

"आई, रंगच तं आहे तो."

"रंगच आहे तं मंग तुह्यं काय जाते?"

मी ऐकलं नाही. चित्र परत दारावर टांगलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर बाईचा चेहरा काळा होता. फासलेला नव्हता, कडेनं नीट भरलेला, नथीचे मोती तेवढे सोडलेले. आई खाटेवर होती. महिनाभर तिला कुशीवर वळवायलाही माणूस लागत होतं, आणि स्टूल अंगणात तसंच, कपड्यांच्या पिळ्यांखाली. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला काजळ होतं.

मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा रडूच जास्त आलं. मी ते बोट ओढणीनं पुसलं. तिनं गोळ्यांची पुडी माझ्या हातात परत दिली. वडिलांनी हात जोडले, मी भांडले, तिनं गोळीसाठी दात उघडले नाहीत.

आषाढात ती गेली. चित्र माझ्याकडे आहे. आई गेली त्या वयाच्या मी केव्हाच पुढे आले, आणि मुलीची हनुवटी अजून तेवढीच करडी आहे.