सत्तारचाचांचा अंगठा

भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत जन्म काढलेला माणूस ओरडून बोलत नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. अहो, ओरडून उपयोग काय? दोन्ही बाजूंनी लूम खडखडत असताना तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येत नाही. मग माणसं समोरच्याचे ओठ वाचतात, हातवारे करतात, आणि कळलं की अंगठा वर करतात. नाही कळलं तरी करतात. पुन्हा पुन्हा कोण विचारत बसणार!

सत्तारचाचांनी बापाच्या कारखान्यात वीस वर्षं असेच अंगठे वर केले. घरचे लूम भंगारात गेले, तेव्हा त्याच गल्लीत एक खोली राखून त्यांनी अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान टाकलं. हात असा गोड, की लग्नाच्या हळदीत वाजवणाऱ्या आजूबाजूच्या गावांतल्या बँड-पार्ट्या दुसरीकडे जायच्याच नाहीत. पुढे बायको, म्हणजे सफियाचाची, वारल्या, एकुलती मुलगी सिदरा लग्न होऊन लांब रायगडात म्हसळ्याला गेली, आणि चाचा दुकानातच डबा खायला लागले. घरी जाऊन काय, भिंतींशी बोलायचं?

सिदरा फोन करायची. पण फोनवर तिचं बोलणं चाचांना धड लागायचं नाही. "तुझ्याकडं रेंजच न्हाय," म्हणून ते ठेवून द्यायचे. व्हिडिओ लावावा तर तिचा चेहरा अर्ध्यात अडकायचा. मग ती बिचारी बोललेलं रेकॉर्ड करून पाठवायला लागली. चाचा मोबाइल कानाला लावायचे, मान डोलवायचे आणि उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळे व्हायचे.

गेल्या ईदला मात्र बिनसलं. दर वर्षी ईदला ती येतेच, म्हणून चाचांनी स्वतः शीरखुर्मा केला, सफियाचाचींची काचेची भांडी काढून पुसली, आणि संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवून बसले. कोणी आलं नाही. ईदच्या आधी एक आणि त्या दिवशी दोन, अशी तिची रेकॉर्डिंगं आली तेवढी. काहीतरी सबब असणार! चाचांनी पहिल्याला सवयीनं आणि पुढच्या दोघांना रागारागात अंगठे लावले. त्यानंतर तिचाही फोन नाही, यांचाही नाही. आठ महिने झाले. म्हातारा असा हट्टी, की विचारू नका. पण दुपारी डबा उघडला की आधी मोबाइल बघायचा आणि मगच घास घ्यायचा.

अशात जवळच्या पूर्णा गावचा कल्पेश अॅम्प्लिफायर घेऊन आला. कल्पेश दिवसा गोदामात ड्युटी करतो आणि लग्नसराईत हळदीला बेस गिटार वाजवतो. "चाचा, निस्ता सूं-सूं आवाज येतो बघा. गिटार लावली न्हाय तरी येतो."

चाचांनी खोका उघडला, अर्थिंग तपासलं, सोल्डरचे सैल टाके पुन्हा मारले. कान लावून बघितलं, कल्पेशनंही बघितलं. दोघांनाही काही ऐकू आलं नाही. येणार कसं? शेजारचे लूम जोरात चालले होते. कल्पेश खूश होऊन घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. "हायच की आवाज!"

"तुझ्या घरची वायरिंग सडकी असंल," चाचा फणकारले. तरी त्यांनी दोन कपॅसिटर बदलून दिले. तो पुन्हा परत आला. या वेळी वार होता शुक्रवार, लूम बंद. नमाजानंतरची दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. कल्पेशनं बटण दाबलं आणि तो एकदम म्हणाला, "हे घ्या! ऐका आता!"

चाचांनी ऐकलं. काहीच नव्हतं.

"कुठं हाय?"

"अवो चाचा, भाजी फोडणीला टाकल्यासारखं सणसणतंय!"

"चेष्टा करतोस काय रं म्हाताऱ्याची?" चाचांचा पारा चढला. त्यांनी तावातावानं मीटर काढून स्पीकरच्या तारांना लावला. याला दाखवूनच देतो! आकडा स्थिर असायला हवा होता. तो थरथरत होता. आवाजाचं बटण वाढवलं की चढत होता, कमी केलं की उतरत होता. मीटर काही चाचांची चेष्टा करणार नव्हता.

चाचा खालीच बसले. सूं-सूं होती, आणि ती त्यांच्या कानांपर्यंत पोचत नव्हती. बारीक, उंच पट्टीचे आवाज लूमनी कधीच खाऊन टाकले होते. समोरच्याचे ओठ वाचून निभत होतं, म्हणून हे त्यांना इतकी वर्षं कळलंच नाही. ज्याला आवाज ऐकूच येत नाही, तो आवाज दुरुस्त काय करणार?

"पाच वाजता ये," एवढंच ते कल्पेशला म्हणाले. "आज देतोच."

मग कान बाजूला ठेवून चाचांनी डोळ्यांनी काम केलं. बटण फिरवलं की आकडा बदलतो, म्हणजे खराबी आवाजाच्या बटणाच्या आधी, एवढं मीटरनं सांगितलंच होतं. गिटारचा बारीक आवाज पहिल्यांदा मोठा करणारी आयसी त्यांनी बदलली, तिच्याशेजारचा जुनाट रेझिस्टर उपटून नवा लावला. आकडा खाली आला आणि गप्प बसला.

एकदा चालवून बघावं म्हणून त्यांनी मोबाइलची तार अॅम्प्लिफायरला जोडली आणि आपल्याला ऐकू यावं म्हणून ट्रेबलचं, म्हणजे उंच पट्टीचे आवाज वाढवणारं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गाणं लावण्याऐवजी बोट सिदराच्या नावावर कसं गेलं, ते त्यांचं त्यांना माहीत. ईदच्या आधीचं रेकॉर्डिंग लागलं आणि दुकानात एकदम सिदरा बोलली. स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं.

"अब्बा, सासूबाईंना लकवा झालाय, त्यांना टाकून येता येत नाही. या ईदला तुम्हीच या हां. येताय ना?"

खाली चाचांचा अंगठा होता.

दुसरं ईदच्या दिवसाचं. "अब्बा, तीन वाजले. कुठवर आलात? तुमचं ताट झाकून ठेवलंय."

अंगठा.

तिसरं त्याच रात्रीचं. आवाज रडवेला होता. "अब्बा, अंगठा नका पाठवू. माझ्यावर रागावलाय का? काहीतरी बोला."

त्याच्याखालीही अंगठाच होता.

चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. इकडे आपण दार उघडं ठेवून बसलो, तिकडे पोरगी ताट झाकून बसली. आणि आपण तिला काय दाखवलं? ते हमसून हमसून रडले. रडणंही त्यांना नीटसं ऐकू आलं नाही.

पाचला कल्पेश आला. खोक्याला कान लावून तो खुलला. "गेला की हो! एक नंबर, चाचा!" त्यानं उचलायला हात घातला.

"थांब रं. तार काढू नको. एक फोन करायचाय."

चाचांनी नंबर लावला. बेल सगळ्या दुकानात वाजली. दोनदा, चारदा, सहादा. मग ती थांबली.

"अब्बा?" सिदरा म्हणाली. "अब्बा, तुम्हीच ना?"

चाचांचा उजवा हात सवयीनं वर गेला, आणि अंगठा उभा राहिला.

कल्पेशनं तो हात धरून हलकेच खाली केला. "चाचा," तो त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाला, "तिला दिसत न्हाय. बोला."