वेणी अप्पा घालायचे

माझी पहिली कथा दिवाळी अंकात छापून आली, तेव्हा अप्पांनी आमच्या पेठेतल्या दुकानातून अंक घेतला आणि घरी न येता थेट कारखान्यात नेला. माझ्या वडिलांनी जन्मभर टॉवेलचे माग चालवले. शाळा अक्कलकोटकडे कानडीत झालेली, त्यामुळे मराठी वाचतात ते बोट ठेवून, सावकाश. म्हणून जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मागावरच्या काकांना त्यांनी कथा मोठ्याने वाचायला लावली. पोरीने काय लिहिलंय ते त्यांनी तिथे, चारचौघांत, पहिल्यांदा ऐकलं.

कथेतली आई पहाटे पोरीला पुढ्यात बसवून हलक्या हाताने तिची वेणी घालते. कथेतला बाप मागावरून आला की घर चिडीचूप होतं, आणि एके दिवशी तो क्षुल्लक कारणावरून पोरीच्या कानशिलात लगावतो. पोर रडत आईच्या कुशीत शिरते. मला स्वतःला ती जागा फार आवडली होती. लिहिताना मी रडलेही होते. आता आठवलं की कानाची पाळी गरम होते.

कारण आमच्या घरी वेणी अप्पा घालायचे. आई कडक भाकऱ्या करून विकायची. पहाटेपासून चुलीपुढे, दोन्ही हात पिठात. अप्पा रात्रपाळीहून आले की चहा घ्यायच्या आधी मला पायरीवर बसवायचे. तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारणारी ती बोटं. शाळा सुटेपर्यंत एक केस बाहेर यायचा नाही. वर्गातल्या मुलींनी विचारलं की मी सांगायचे, आईने घातली. म्हणजे माझी ही लबाडी कथेपासूनची नाही, चांगली जुनी आहे.

आणि कानशिलात लगावली ती आईने. भाकऱ्यांच्या थप्पीवर मी शाईची दौत सांडली होती. अख्ख्या दिवसाचं काम वाया गेलं होतं. मारलं नसतं तरच नवल.

मग असं उलटं का लिहिलं? तर मी वाचलेल्या गोष्टींत असंच असतं म्हणून. तिथे लेकरू पडलं की आईकडे धावतं आणि बाप दिसला की दाराआड लपतं. आईची माया आधीपासून कळलेली असते. बाप मेल्याशिवाय पोरांना त्याच्याबद्दल माया फुटत नाही. बापाने वेणी घातली असं लिहिलं असतं, तर वाचकाने विचारलं असतं, आई कुठे गेली? ते समजावत बसायचा मला कंटाळा आला. एवढंच कारण. त्यावर कडी म्हणजे, संपादकांनी कथेखाली दोन ओळी मागितल्या तेव्हा मी ऐटीत लिहून दिलं की ही माझ्याच घरातली खरी गोष्ट आहे.

पाडव्याला मी पुण्याहून घरी आले. आई सातवीपर्यंत शिकलेली. तिने अंक माझ्यापुढे टाकला.

"ही कुनाची आई गं? मी कवा घातली तुझी वेणी?"

मी काही बोलायच्या आत अप्पाच म्हणाले, "अगं, गोष्ट हाय ती. गोष्टीत आईच घालती की."

"मग खाली खरं म्हनून कशाला लिवलंय?"

 मी बॅग आवरायच्या निमित्ताने आत सटकले. बरं वाटलं मला, अप्पांनी बाजू घेतली म्हणून. लाज वाटायला हवी होती, ती तेव्हा वाटली नाही.

संध्याकाळी ते कारखान्यातले काका फराळाला आले. त्यांनी माझं तोंड भरून कौतुक केलं. मग हसत हसत अप्पांकडे वळले.

"पर एक सांगा, तुमी खरंच मारत हुता व्हय हिला? इतक्या वर्सांत मागावर कुनावर आवाज चढिवला न्हाय तुमी. मानसं मला इचारत्यात."

आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन म्हणून ते थांबले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी ते वाक्य बोलले असते तर मी खोटं छापलं हे पेठभर झालं असतं. मी चकलीच्या ताटलीकडे बघत राहिले.

"व्हय," अप्पा म्हणाले. "लई तापट हुतो तवा. पोरीनं लिवलंय ते खरं हाय."

काका वरमले. आई आत निघून गेली. आणि मी ताटली पुढे करून म्हणाले, "काका, घ्या ना, अजून एक घ्या."