बाबांचा नंबर पोर्ट केला तेव्हा

अकोल्याला आई-बाबांचं घर गावाच्या कडेला, नव्या वस्तीत आहे. बाबांच्या मोबाइल कंपनीचा जवळचा टॉवर तीन वर्षांपूर्वी काढून नेला आणि घरातली रेंजच गेली. शेजाऱ्यांनी महिन्याभरात कंपन्या बदलून टाकल्या. बाबांनी बदलली नाही. गच्चीच्या जिन्यावर, अगदी वरच्या पायरीशी, रेंजची कधी एक दांडी यायची, कधी दोन. तिथे त्यांनी प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली आणि दिवसभर तिथेच बसू लागले.

बाबा गुरांच्या सरकारी दवाखान्यात होते. कागदावर पद व्रणोपचारक, म्हणजे जनावरांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. एका बैलाच्या लाथेनं त्यांचा उजवा गुडघा कायमचा अधू केलेला. तोच पाय ओढत ते सकाळी चहा घेऊन वर जात, जेवायला खाली येत, पुन्हा वर. उन्हाळ्यात डोक्याला ओला दुपट्टा. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला मी काय सांगते ते कळेल. अकरानंतर तिथे कावळासुद्धा बसत नाही.

बाबा वाट पाहत होते ती माझ्या भावाच्या फोनची. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. घर सोडून गेला त्याला आता दहा वर्षं होतील.

तो पॉलिटेक्निकला अमरावतीला, माझ्याकडे राहायला होता. मी तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. रोज सकाळी मी त्याला डबा द्यायची, तो बॅग घेऊन निघायचा, संध्याकाळी परतायचा. एक दिवस भाजी घेताना त्याच्या वर्गातली मुलगी भेटली आणि सहज म्हणाली, "ताई, तो आता येतच नाही ना कॉलेजला?" दीड वर्षापासून तो कॉलेजात गेलेला नव्हता. गणित सुटत नव्हतं, दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा परीक्षेलाच बसला नाही. मी दिलेला डबा तो रोज वडाळीच्या तलावाकाठी बसून खात होता.

त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं. त्यानं काहीच नाकारलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा होता. म्हणाला, "ताई, बाबाले तू सांगू नको. रविवारी मी अकोल्याले जातो अन् मीच सांगतो. माह्या तोंडानं सांगू दे."

मी बरं म्हटलं. आणि तो दुकानात गेलेला असताना बाबांना फोन केला.

का केला, याची मी स्वतःला दहा वर्षं वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. तो माझ्या घरात राहून मला फसवत होता, याचा राग होता. आणि खरं सांगायचं तर, बाबांना आधी मी सांगितलं हे दिसावं, असंही कुठेतरी होतं. माझ्याकडे राहून पोरगा बिघडला असं कुणी म्हणू नये.

रविवारची वाट न पाहता बाबा दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं अमरावतीला आले. ते ओरडले नाहीत, हात उचलला नाही. शांतपणे म्हणाले, "फेल झाला याचं काही नाही. म्या बी दहावीत दोनदा बसलो. पन दीड वर्ष तू माह्याशी खोटं बोलला. माह्याजवळ खोट्याले जागा नाही. खरं बोलाची हिंमत येईन तवा मले फोन करजो."

भावानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर त्याची पिशवी नव्हती. मोबाइल मात्र टेबलावर ठेवून गेला होता, सिमकार्डासकट.

मग आम्ही जे करायचं ते सगळं केलं. पोलिसात मिसिंगची तक्रार केली, मित्रांकडे चौकशा केल्या, पुण्याला जाऊन आलो. कुणी सांगितलं सुरतेच्या स्टेशनवर दिसला, तर बाबा आठ दिवस सुरतेला राहून आले. काही हाती लागलं नाही. उरला तो फक्त बाबांचा नंबर. शाळेत असताना त्याच्या प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर तो लिहिलेला असायचा. झोपेतून उठवलं तरी त्यानं तो सांगितला असता. दुसरा कुठलाच नंबर त्याला पाठ नव्हता, माझासुद्धा नाही.

म्हणून टॉवर गेल्यावर बाबा जिन्यावर जाऊन बसले.

"बाबा, कंपनी बदलली तरी नंबर तोच राह्यते," मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. "आईच्या फोनले घरात पूर्ण रेंज आहे. तेच सिम तुमाले घेऊ."

"नंबर तोच राह्यते हे मले समजते. मंधात बंद राह्यते ना?"

"तीन-चार तास. जास्तीत जास्त."

"मंग?"

एकदा मी वैतागले. कडक ऊन होतं, आई खालून जेवायला हाका मारत होती आणि बाबा उठत नव्हते. मी म्हणाले, "इतक्या वर्षांत नाही आला त्याचा फोन, तो काय नेमका त्या चार तासांत येनार आहे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हातातला फोन दुपट्ट्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

गेल्या वर्षी मे महिन्यात ते तिथेच खुर्चीतून कलंडले. आईनं आवाज ऐकला म्हणून बरं. मी अमरावतीहून पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं होतं. ऊन लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात पुन्हा असं झालं तर मी जबाबदार नाही. बाबा सलाइन लावून पडले होते आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "फोन कोनापाशी आहे?"

वॉर्डाबाहेरच्या बाकावर आई म्हणाली, "करून टाक तू. बदलून टाक कंपनी."

"बाबा ऐकतीन?"

"मी सांगतो." वऱ्हाडात आमच्या बायका 'मी सांगतो'च म्हणतात. आई पुढे म्हणाली, "माहा एक गेला. दुसरा जिन्यावर बसून गेला तं मी कोनाले फोन लावू?"

भावाचे कपडे तो गेल्यावर पाचव्या वर्षीच तिनं वाटून टाकले होते. तेव्हा मला ती फार कठोर वाटली होती.

आई बाबांना काय म्हणाली ते मला माहीत नाही, पण घरी आल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी मेसेज पाठवून कोड मागवला, त्यांना आधारकार्ड घेऊन दुकानात नेलं, अंगठा झाला. नवं सिम मिळालं. जुनं बंद पडलं की नवं टाकायचं. बाबांनी एकच अट घातली होती, त्या दिवशी मी घरी असायचं. मी रजा टाकून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला जुन्या सिमची रेंज गेली. मी नवं टाकलं. त्यालाही अजून नेटवर्क नव्हतं. बाबांनी फोन समोर स्टुलावर ठेवला आणि बसून राहिले. आंघोळ नाही, जेवण नाही. आईनं ताट आणलं ते तसंच परत गेलं. दर थोड्या वेळानं म्हणायचे, "पाह्य बरं." मी फोन बंद करून चालू करायची. "नाही आली, बाबा." एकदा ते म्हणाले, "आता लावत असन तं त्याले काय आयकू येत असन? बंद आहे म्हनत असन का नंबरच नाही म्हनत असन?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "बंद आहे म्हनते."

"हं. बंद म्हनलं तं पुन्हा लावन."

पावणेदोनला नेटवर्क आलं. चारही दांड्या, तेही मधल्या खोलीत. बाबा म्हणाले, "लावून पाह्य." मी माझ्या फोनवरून लावला. त्या घरात दोन वर्षांनी तो फोन वाजला. आई पिठाच्या हातानं धावत बाहेर आली आणि दारातच थांबली. माझ्या कानाला फोन पाहून तिला कळलं. ती आत गेली. मला तोवर वाटत होतं, आईनं वाट पाहणं सोडलंय.

त्यानंतर तो फोन खूप वाजला. विमावाले, प्लॉटवाले, राँग नंबर. बाबा प्रत्येकाला उचलत आणि समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेत. जिन्यावरची खुर्ची खाली आली. गुडघ्याला आराम पडला. आम्ही सगळे म्हणत होतो, आधीच करायला हवं होतं. पण पावसाळा संपता संपता आईचा फोन आला, "तुह्ये बाबा बोलून नाही राहिले. जेवते, झोपते, पन बोलत नाही."

मी गेले. बाबा ओसरीत बसले होते, फोन शेजारी. मी समोर बसले. मग तेच म्हणाले, "जुन्या कंपनीत परत जाता येते का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काहून? रेंज नाही का?"

"रेंज लय चांगली आहे." ते थांबले. "तवा वाटे, तो लावत असन, लागत नसन. वर बसून बी एखादा फोन सुटला असन. आता हा कोपऱ्या-कोपऱ्यात वाजते. अन् त्याचा नाही येत."

मला रडू आवरेना. ते मात्र रडत नव्हते. एखाद्या जखमेची खोली सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं होतं.

नव्वद दिवस झाल्याशिवाय पुन्हा कंपनी बदलता येत नाही. ते आधीच होऊन गेले होते. मी आणखी दोन दिवस राहिले, त्यांचं मन बदलेल म्हणून. बदललं नाही. तिसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते तयार होऊन बसले. ऑटोनं आम्ही दुकानात गेलो.

काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "काका, काही तक्रार आहे का? रेंज येत नाही का?"

"येते ना."

"कॉल कट होतात?"

"नाही."

"मग कशासाठी बदलता?"

मागे रांग होती. बाबा दोन्ही हात काउंटरच्या काचेवर ठेवून उभे राहिले. त्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी घाई केली नाही. शेवटी बाबा म्हणाले, "राहू द्या," आणि पाय ओढत बाहेर आले.

परतताना ऑटोत मी त्यांना ते सांगितलं. ठरवून नाही. त्या काचेवर ठेवलेले त्यांचे हात डोळ्यांसमोरून जात नव्हते आणि मला माझ्याजवळ काही ठेवणं सहन होईना. मी म्हणाले, "बाबा, तो तुमाले सांगनार होता. रविवारी स्वतः येऊन. माह्यापाशी एवढंच मागतलं होतं त्यानं, का ताई, मले सांगू दे. अन् मी आधीच तुमाले फोन केला."

रेल्वे फाटक लागलं, मालगाडी गेली, फाटक उघडलं. ऑटो सुरू झाल्यावर बाबा म्हणाले, "स्वतः सांगनार होता?"

"हो."

"खरं?"

"हो बाबा."

"मंग म्या त्याले खोटा काहून म्हटलं?"

हे ते मला विचारत नव्हते. घरी पोचेपर्यंत त्यांनी ते आणखी दोनदा म्हटलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवून माफी मागितली. त्यांनी माझा हात बाजूला केला नाही आणि धरलाही नाही. दारात आईनं विचारलं, "केलं का?" ते म्हणाले, "नाही केलं," आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "एक विचारतो. तो आला अन् म्या घरी नसलो, तं तू त्याले सांगशीन का? का तू स्वतः सांगनार होता, हे बाबाले मालूम झालं म्हनून?"

"सांगीन," मी म्हणाले.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी सातला त्यांच्याच नंबरवर फोन करते. ते चष्मा शोधत बसत नाहीत, नाव पाहत नाहीत, पहिल्याच रिंगला उचलतात. "हॅलो" म्हणतात आणि श्वास रोखून थांबतात. तेवढा वेळ पलीकडे काहीच ऐकू येत नाही. मग मी "बाबा" म्हणते, आणि त्यांचा सुटलेला श्वास मला अमरावतीत ऐकू येतो. "हं," ते म्हणतात, "बोल बाई. जेवली का?"