दुसरा अंगठा

आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या आठवडी बाजारात छत्रीखाली बसून स्वस्त फोन विकणारा एक मनुष्य येत असे. फोनसोबत सिमकार्ड फुकट. केवळ आधारकार्ड दाखवायचे आणि यंत्रावर अंगठा ठेवायचा. आमच्या शेजारच्या बाईंना असा फोन हवा होता. मुलगा रायपूरला कामाला. त्याचा आवाज ऐकण्यासाठी त्यांना दरवेळी दुसऱ्याच्या दारी जावे लागे. सोबत म्हणून मी, गावच्या शिवमंदिराचा पुजारी, गेलो.

मनात धास्ती होतीच. पलीकडच्या गावातील एका वृद्धाला पोलिसांनी बोलावून नेले होते. त्याच्या नावावरच्या कुठल्याशा नंबरवरून लोकांना फसवले जात होते, आणि त्या बिचाऱ्याला त्या नंबरची वार्ताही नव्हती.

बाईंनी अंगठा ठेवला. पडद्यावर त्यांचे आधारकार्डावरचे छायाचित्र उमटले. मी स्वतः पाहिले. विक्रेत्याने तत्काळ बोट फिरवून ते नाहीसे केले.

"नहीं पकडा, अम्मा. फिरसे रखो."

बाई ओशाळून पदराने अंगठा पुसू लागल्या. "रोवणीनं घासला जी. राशनवालाही असाच बोंबलते."

ते खरेच होते. चिखलात धान रोवणाऱ्या हातांच्या रेषा पुसट होतात. म्हणून आमच्याकडे पुन्हा अंगठा मागितला, तर कोणी कारण विचारत नाही. दोष स्वतःच्याच हाताला देतात.

त्यांचा हात पुढे येण्याआधी मी यंत्रावर माझा तळहात ठेवला.

"छायाचित्र आले होते, म्हणजे अंगठा जुळला असणार. मग दुसरा अंगठा कशासाठी?"

"पंडितजी, आप मंदिर में घंटी बजाओ. ये मेरी लाइन है."

रांगेतून एक गृहस्थ ओरडले, "सरका ना जी महाराज, येष्टी जाऊन राहिली!"

बाई पुटपुटल्या, "काऊन अडवता जी? यानं फोन नाही देल्ला तं?"

"बाई, दान देताना एका संकल्पाला आपण एकदाच पाणी सोडतो. पुन्हा सोडले, तर ते दुसरे दान. हा दुसरा अंगठा तुम्ही कोणाला देत आहात?"

यंत्रावरून मी हात हलवला नाही. माझी शंका खोटी ठरली असती, तर लेकाचा आवाज त्यांना माझ्यामुळे अंतरला असता. मी मनातल्या मनात शिवनाम घेत राहिलो.

बाईंनी अंगठा मुठीत मिटला. "एकडाव देल्ला. आता नाही देत. ठेव तुहा फोन तुह्यापाशी."

रांगेतले लोक पुढे सरकून पाहू लागले. विक्रेत्याने इकडेतिकडे पाहिले आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला. "ले अम्मा, चालू हो जाएगा."

म्हणजे पहिलाच अंगठा यंत्राने स्वीकारला होता.

येष्टीची घाई असलेले ते गृहस्थ पुढे आले. "माह्या घरच्या बाईकडून तं यानं तीनदा अंगठा घेतला होता. बाकीचे दोन सिम कोठी हायेत बे?"

विक्रेता छत्री मिटू लागला. त्या गृहस्थांनी तिचा दांडा घट्ट धरून ठेवला. मी पोलीस ठाण्याच्या दिशेने निघालो. बाई माझ्याही पुढे चालल्या होत्या.